संशयास्पद स्वच्छ बाटल्या

कचरा म्हणजे काय, हे ठरवण्याचं काम आमच्या शहरात माझ्याकडे आहे. लोकांना वाटतं, फेकलं की झाला कचरा. तसं नसतं. फेकणं ही नागरिकाची कृती आहे आणि कचरा हा शासकीय दर्जा आहे. तो मिळवण्यासाठी वस्तूला अर्ज, तपासणी, शेरा आणि शिक्का अशा चार पायऱ्या चढाव्या लागतात. चौथ्या पायरीवर मी बसलेला असतो. कचरा-दर्जा निश्चिती कार्यालयात मी एकवीस वर्षं अधिकारी आहे आणि या काळात माझ्या सहीशिवाय या शहरातली फुटकी बशीसुद्धा कचरा झालेली नाही.

पुढे जे घडलं त्यात माझी काही चूक नव्हती, हे आधीच नोंदवून ठेवतो.

सुरुवात माझ्या मेहुण्यापासून झाली. तो बेकऱ्यांच्या भट्ट्या दुरुस्त करतो. माझी मुलगी त्याला मामा म्हणते, म्हणून बेकरीवालेही मामाच म्हणतात, आणि आता तर त्याच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही त्याला मामा म्हणून हाक मारतात. माणूस हुशार आहे, पण त्याला स्वस्थ बसवत नाही. बंद पडलेली एक जुनी भट्टी त्याने आपल्या शेडमध्ये आणून ठेवली आणि रिकाम्या बाटल्या भाजायला सुरुवात केली.

त्याची पद्धत अशी. बाटल्या फोडायच्या, दळून पिठासारख्या बारीक करायच्या, त्यात बेकरीतून येणाऱ्या अंड्यांच्या टरफलांची पूड थोडीशी मिसळायची आणि लोखंडी साच्यात घालून साडेआठशे अंशांपर्यंत तापवायचं. काच मऊ होते, टरफलांतून वायू सुटतो आणि सगळा माल केकसारखा फुगतो. मग दार बंद ठेवून दीड दिवस निवू द्यायचं. उतावीळपणा केला तर तडकतं. शेवटी उशीएवढा करडा ठोकळा हाती येतो. त्याच्या आत लाखो बारीक बुडबुडे बंद असतात. तो पाण्यावर तरंगतो, साध्या करवतीने कापला जातो, जळत नाही, कुजत नाही आणि उष्णता आरपार जाऊ देत नाही. मामाने आमच्याच शेगडीवर ठोकळा ठेवून वरून स्वतःचा तळहात टेकवून दाखवला. बायकोने टाळ्या वाजवल्या. मामा या मालाला फेसकाच म्हणतो. आमच्या कार्यालयात त्याला 'सच्छिद्र काचखंड, अवर्गीकृत' असं म्हणतात.

हा ठोकळा कुठे लावायचा हे मामाने आधीच ठरवलं होतं. शहरात बाळंतपणाचा वॉर्ड एकच आहे. तो सरकारी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याच्यावर पत्रा आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथला पारा एकेचाळीसवर गेला होता. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर बाळांच्या पाळण्यांवर ओली चादर धरून उभ्या राहत, हे मामाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि या वर्षी माझ्या मुलीला सहावा महिना लागला होता. तिची तारीख ऐन उन्हाळ्यातली होती.

"पत्र्याखाली लोखंडी पट्ट्या आहेतच," मामा म्हणाला. "त्यांच्यावर ठोकळे नुसते ठेवायचे. खिळासुद्धा नको. एकशे ऐंशी लागतील. ते मी करूनच ठेवलेत, भाऊजी."

पण रुग्णालयालाही नियम आहेत. नवीन साहित्य लावायचं तर ते दहा वर्षं कुठेतरी वापरात असल्याचा पुरावा लागतो. पुनर्वापरातून बनवलेलं असेल तर हरित धोरणाखाली लगेच लावता येतं, फक्त ते कचऱ्यापासूनच बनलं असल्याचा दाखला जोडावा लागतो. तो दाखला मी देतो.

"म्हणजे घरचंच काम झालं की!" मामा म्हणाला.

मी त्याला तिथेच थांबवलं. नातेवाइकाचा अर्ज आला की मी दुप्पट काटेकोर होतो. उद्या कोणी बोट दाखवायला नको.

अर्ज व्यवस्थित होता. अक्षरही चांगलं होतं. अडलं सातव्या रकान्यावर. 'कचरा कोणत्या कचरापेटीतून प्राप्त झाला?' या प्रश्नापुढे मामाने लिहिलं होतं, "कचरापेटीतून नाही. लोक आणून देतात. ताई धुऊन देते."

ताई म्हणजे माझी बायको. आठ महिने ती आमच्या मागच्या गॅलरीत शेजारपाजारच्या बाटल्या भिजत घालत होती, बोथट सुरीने लेबलं खरवडत होती आणि पुसून ओळीने उपड्या ठेवत होती. नवरा म्हणून मला हे माहीत होतं. अधिकारी म्हणून मला ते सातव्या रकान्यातून कळलं. मी अर्ज नाकारला.

"नाकारला म्हणजे?" बायकोने जेवताना विचारलं.

"ज्या वस्तूने कचरापेटी पाहिलेली नाही, ती कचरा नसते. ती नुसती रिकामी बाटली असते."

"अहो, ती कचऱ्यात जाऊ नये म्हणून तर धुते ना मी!"

"तिथेच चुकलं. तू तिला कचरा होऊच दिलं नाहीस. नियमात याला कचरानिर्मितीत अडथळा म्हणतात. मी नोटीस काढली नाही, हे घरचं माणूस म्हणून समज."

"फार उपकार झाले," ती म्हणाली आणि माझ्यापुढचं ताट मी हात धुवायच्या आत उचलून नेलं.

मामा मात्र चिडला नाही. त्याने शेडच्या फाटकाशी एक सरकारी कचरापेटी मागून घेतली. लोक आले की बाटल्या त्या पेटीत टाकत आणि मामा दुसऱ्या बाजूने काढून घेई. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी आमच्या निरीक्षकाने त्याला पेटीत कोपरापर्यंत हात घातलेला असताना पकडलं. पेटीत पडलेली वस्तू सार्वजनिक मालमत्ता असते. ती परस्पर काढणं ही चोरी आहे, मग टाकणारा स्वतः का असेना.

"मग मी कशी घेऊ?" मामाने विचारलं.

"रीतसर," मी म्हणालो. "गाडी येईल, पेटी उचलेल, डेपोवर नेईल. तिथे मोजमाप होईल. मग तू डेपोकडे मागणी नोंदवायचीस. तीच गाडी तुला आणून देईल."

"डेपो शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, भाऊजी. बाटल्या माझ्या दारातून निघून माझ्याच दारात यायच्या?"

"निघताना त्या बाटल्या असतील. येताना कचरा असेल. फरक समजून घे."

गाडी आली, बाटल्या गेल्या आणि दहा दिवसांनी जशाच्या तशा परत आल्या. डेपोच्या तपासनिसाने पोत्यांवर शेरा मारला होता, 'संशयास्पद स्वच्छ'. कचऱ्यात किमान वीस टक्के मळ असावा अशी अट आहे. ती मीच सोळा वर्षांपूर्वी घातली होती, कारण तेव्हा काही लोक चांगल्या वस्तू कचरा म्हणून खपवत होते. बायकोने इतके महिने हात दुखेपर्यंत बाटल्या घासून ज्या सवयीचा अभिमान बाळगला, ती सवय सरकारी निकषात बसत नव्हती. तिला मी समजावलं की यापुढे धुवू नकोस, उलट जमलं तर थोडं काही लाव.

"काय लावू?"

"चहाचा चोथा. वापरलेलं तेल. जे घरात असेल ते."

तिने लावलं. रडत लावलं की हसत, ते तिने मला दिसू दिलं नाही. पण घराघरांतला मळ वेगळा असतो. कोणाचा तेलकट, कोणाचा नुसता धुळीचा. डेपोने कळवलं की मळात एकसारखेपणा नाही. तेव्हा कार्यालयाने प्रमाणित मळ तयार करवून घेतला. तो पोत्यात येतो, पोत्यावर शिक्का असतो आणि तो लावण्यासाठी एक ब्रश मोफत मिळतो. अर्जदाराने स्वच्छ बाटली आणायची, आमच्या माणसासमोर तिला प्रमाणित मळ लावायचा आणि पेटीत टाकायची. ही व्यवस्था पाहायला दुसऱ्या शहरांतून अधिकारी आले. त्यांनी वह्या भरभरून टिपणं घेतली.

एवढं झाल्यावर वर्तमानपत्रांना बातमी लागली आणि शहराला फेसकाचेचं वेड लागलं. सुशिक्षित घरांत बैठकीच्या खोलीत, जिथे नजर जाईल अशा जागी, ठोकळ्याचा एक तुकडा दिसू लागला. पाहुणे तो उचलून म्हणत, "अय्या, किती हलका!" आणि यजमान म्हणत, "आम्ही आमच्या बाटल्या देतो हो, आपलं तेवढंच." ज्यांच्या घरी रिकाम्या बाटल्या नव्हत्या त्यांची पंचाईत झाली. शेजारच्यांनी अकरा दिल्या आणि आपण एकही नाही, हे कोणाला सहन होतं? लोक दुकानातून भरलेल्या बाटल्या आणू लागले, आतलं सरबत मोरीत ओतू लागले आणि बाटल्या मिरवत शेडवर पोचवू लागले. आमच्या समोरच्या इमारतीत एका जोडप्याने एका सकाळी चोवीस बाटल्या ओतल्या. दुपारपर्यंत गटारातून लिंबाचा वास येत होता.

बाटली कारखान्याने ही अडचण ओळखली आणि 'थेट-कचरा' नावाची बाटली बाजारात आणली. तिला तोंड नसतं, कारण तिच्यात काही भरायचंच नसतं. कारखान्यातच तिला प्रमाणित मळ लावलेला असतो. ग्राहकाने ती घ्यायची आणि वाटेत कुठेही न थांबता पेटीत टाकायची. तपासणीत ती शंभर टक्के उतरली. एकवीस वर्षांत मी एवढा निर्दोष कचरा पाहिला नव्हता. मी शेऱ्यात 'आदर्श' हा शब्द लिहिला.

"भाऊजी, ही तर नवी काच आहे," मामा ती बाटली उलटीसुलटी करत म्हणाला.

"नवा कचरा आहे," मी म्हणालो.

त्याने कपाळाला हात लावला. पण भट्टी तर पेटवावी लागणारच होती. प्रमाणित मळ तेलकट असल्यामुळे भट्टीत धूर झाला, बुडबुडे वाटेल तसे सुटले, ठोकळे एका अंगाने फुगले आणि दुसऱ्या अंगाने बसले. हातात घेतले की कोपरे गळून पडत. मामाने त्यातला एक माझ्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर बोट दाबलं. बोट आत गेलं.

"दाखल्याचा आणि दर्जाचा संबंध नाही," मी म्हणालो आणि दाखला दिला. हा कचऱ्यापासूनच बनलेला आहे, असा स्पष्ट दाखला, गोल शिक्क्यासह. मुलीला तेव्हा आठवा संपत आला होता. त्या दिवशी मी घरी जाताना बायकोसाठी मोठ्या आनंदाने मिठाई नेली. तिने डबा उघडला नाही.

रुग्णालयाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने दाखला वाचला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला.

"इथे लिहिलंय की हे कचऱ्यापासून बनलंय."

"हो," मामा म्हणाला.

"आत कचरा न्यायला मनाई आहे." त्याने भिंतीवरची पाटी दाखवली. पाटी खरोखरच होती.

व्यवस्थापकांकडे प्रकरण गेलं. ते अतिशय सुसंस्कृत गृहस्थ आहेत. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की हरित धोरणासाठी हा माल कचरा असल्याचा दाखला लागतो आणि रोगप्रतिबंधक धोरणासाठी तो कचरा नसल्याचा दाखला लागतो. दोन्ही दाखले एकाच अधिकाऱ्याचे असले तर बरं, म्हणजे विसंगती राहणार नाही.

मी पेचात सापडलो. एका वस्तूला एका वेळी एकच दर्जा देता येतो. मी वरिष्ठांना मार्गदर्शनाची विनंती केली. वरिष्ठांनी ती वर्गनिश्चितीचा विषय म्हणून माझ्याकडे पाठवली. मी मला उत्तर दिलं, "आपलं पत्र मिळालं. विषय विचाराधीन आहे." हे उत्तर मला मिळालं तेव्हा, खरं सांगतो, मला माझाच राग आला होता.

विषय विचाराधीन असतानाच मुलगी बाळंत झाली. तारखेच्या तीन आठवडे आधी. मुलगी झाली. वजन इतकं कमी होतं की मी ते तीनदा विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, बाळाला वॉर्डमध्येच ठेवायचं, वजन भरेपर्यंत हलवायचं नाही. बाहेर उन्हाचा कहर होता. वॉर्डमध्ये पारा चाळीसवर होता. माझी नात तळहाताएवढं तोंड उघडून श्वास घेत होती आणि मोठ्या सिस्टर तिच्यावर ओली चादर धरून उभ्या होत्या. मी तिथे पाच मिनिटं उभा राहिलो आणि बाहेर जिन्यात जाऊन बसलो. मला रडू आलं. कोणत्याही रकान्यात न बसणारं, साधं रडू आलं.

बायकोने मात्र डोळे पुसले नाहीत. ती घरी गेली आणि कपाटातले सगळे जुने पलंगपोस फाडून तिने उशांचे अभ्रे शिवायला घेतले. मामाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ते पहिले एकशे ऐंशी ठोकळे पडून होते. स्वच्छ धुतलेल्या बाटल्यांचे, निर्दोष भाजलेले, कोणत्याच दर्जात न बसलेले. रुग्णालयाच्या नियमानुसार भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पेशंटसाठी घरून एक उशी आणता येते. बायकोने भेटीचे नियम मन लावून वाचले होते. इतकी वर्षं माझ्याशी संसार केल्याचा तिला एवढा तरी उपयोग झाला.

नऊ दिवस भेटीच्या वेळेत माणसं येत राहिली. बेकरीवाले, त्यांच्या बायका, शेजारी, जावयाच्या कार्यालयातली मंडळी. प्रत्येकाच्या काखेत एक उशी. पहारेकऱ्याने एकदा एक उशी हातात घेतली आणि वजनाने दचकला.

"एवढी जड?"

"कापूस चांगला आहे," मामा म्हणाला.

मोठ्या सिस्टर आणि वॉर्डची आया शिडी लावून एकेक ठोकळा पट्ट्यांवर सरकवत. आठव्या दिवशी मीही एक उशी घेऊन गेलो. मला काही माहीत नव्हतं, असं मला म्हणता आलं असतं. पण बायकोने अभ्रा माझ्यासमोर चढवला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट पाहिली आणि तिची नोंद केली नाही.

दहाव्या दिवशी वॉर्डचा पारा तेहतीसवर आला. वरून ऊन तसंच होतं, पण खाली ते पोचत नव्हतं. बाळं झोपू लागली. बाळंतिणी पाळण्यापाशी बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागल्या. मामा रोज येऊन मान वर करून छताकडे बघत उभा राहायचा, आणि त्याच्या तोंडावर जो आनंद असायचा तो पाहून मला वाटायचं, एवढ्यासाठी आपण किती नाचवला याला.

एका बाळंतिणीला भेटायला आलेल्या बाईंनी वर पाहिलं आणि विचारलं, "हे छान दिसतंय हो, कशाचं आहे?" मोठ्या सिस्टर खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "टाकाऊ बाटल्यांचं." बाईंनी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो 'कचऱ्याखाली बाळंतपण' या मथळ्याने शहरभर फिरला.

त्यानंतर चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर तक्रार आली. 'रुग्णालयात कचरा नको! आमच्या लेकीबाळींना कचऱ्याखाली झोपवणाऱ्यांवर कारवाई करा!' खाली चारशे बारा जागरूक नागरिकांच्या सह्या होत्या. शंभराहून जास्त सह्यांची तक्रार आली की अठ्ठेचाळीस तासांत माल जप्त करावा लागतो. मी पुन्हापुन्हा नियम वाचला. दुसरा अर्थ निघत नव्हता. तो नियमही मीच लिहिलेला होता आणि चांगला लिहिला होता.

शिडी लावली तेव्हा मुलगी बाळाला पदराखाली घेऊन बसली होती.

"बाबा, तुम्ही काढताय?"

"मी नाही. कार्यालय काढतंय."

"मग कार्यालयाला सांगा," ती म्हणाली, "आज हिचं वजन पहिल्यांदा वाढलंय."

तरी मी एकशे ऐंशी मोजले आणि पंचनाम्यावर सही केली. मामा भिंतीला टेकून उभा होता. त्याने एकदाच विचारलं, "भाऊजी, ही चारशे बारा माणसं कोण?" बायको त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोललेली नाही.

एक वाट शिल्लक होती. तक्रारीवरच्या निम्म्याहून जास्त सह्या मागे घेतल्या गेल्या तर तक्रार आपोआप रद्द होते आणि माल होता तिथे परत लावता येतो. मी यादी समोर घेतली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

पहिले गृहस्थ म्हणाले, "अच्छा, ते काचेच्या विरोधात होतं का? मला वाटलं बाजूने आहे. आम्हीच दिल्यात हो बाटल्या, चाळीसेक."

एक काकू म्हणाल्या, "माझ्या जावेने केली होती, मग मी नाही कशी करू?"

एक तरुण मनापासून हळहळला. "बाळांना उकडतंय? फारच वाईट. यावर काहीतरी करायला हवं. तुम्ही एक अर्ज काढा, मी लगेच सही करतो."

"अर्ज नको. आधीची सही मागे घ्यायची आहे."

"घ्या ना मागे. माझी हरकत नाही."

"त्यासाठी तुम्हाला स्वतः कार्यालयात यावं लागेल. दोन मिनिटांचं काम आहे."

"स्वतः?" तो म्हणाला. "किती वाजेपर्यंत असता?"

"अकरा ते पाच."

"बघतो," तो म्हणाला.

चारशे बाराच्या चारशे बारा जणांनी 'बघतो' किंवा 'बघते' म्हटलं. एकानेही नाही म्हटलं नाही, हे शहराच्या सुसंस्कृतपणाला धरूनच झालं. आज सहावा दिवस आहे. वॉर्डचा पारा पुन्हा चाळीसवर आहे. नातीचं वाढलेलं वजन उतरलं आहे. आलेल्यांची संख्या शून्य आहे.

हे सगळं वाचताना तुम्हाला माझा भयंकर राग आला असेल. यावा. मी रागाला पात्र आहे आणि तशी नोंद मी माझ्या गोपनीय अहवालात स्वतःच्या हाताने केली आहे. पण यादी माझ्यासमोर आहे म्हणून सांगतो, एकशे सत्तेचाळिसावी सही तुमची आहे. तुम्हाला आठवत नसेल. तुमच्या इमारतीत लिफ्टच्या बाहेर तो कागद टांगलेला होता, शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन होतं, तुमच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि लिफ्ट यायला वेळ होता. पुढच्याने केली, म्हणून तुम्हीही एक पिशवी खाली ठेवून केलीत. वरचा मजकूर वाचला नाहीत. मी तुम्हालाही फोन केला होता. तुम्ही फार आपुलकीने बोललात.

तेव्हा या. फक्त दोन मिनिटांचं काम आहे. उन्हाची काळजी करू नका. जप्त केलेला माल ठेवायला दुसरी जागा नसल्यामुळे ते एकशे ऐंशी ठोकळे कार्यालयातल्या माझ्या खोलीच्या पत्र्याखाली रचून ठेवले आहेत आणि इथे आता अजिबात उकडत नाही.